पक्ष्याच्या बगलेतले पांढरे पट्टे

कोकण किनाऱ्यावर वादळ होऊन चार दिवस झाले होते. सोलापूरजवळच्या एकरुख तलावावर एक मोठा काळा पक्षी पंख न हलवता फिरत होता. मी साप्ताहिकात बातमीदार होतो. एका फोटोग्राफरला टांग्यातून तिथे नेले. त्याने काचेच्या तीन प्लेटांवर तीन फोटो घेतले. दुर्बिणीतून मला पक्ष्याच्या दोन्ही बगलांत पांढरे पट्टे दिसले. वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकानुसार तो फ्रिगेट पक्षी होता. हा पक्षी सहसा समुद्र सोडत नाही. तशी बातमी माझ्या नावाने छापली.

नंतर स्टुडिओतून दोनच फोटो आले. दोन्हींत पक्षी संपूर्ण काळा, शेपटी दुभंगलेली. शेपटी घारीचीही तशीच असते.

संपादकांनी फोटो टेबलावर फेकले. "घार ओळखता येत नाही, आणि समुद्राच्या गप्पा! शनिवारपर्यंत पुरावा आणा. नाहीतर तुमच्याच नावाने दुरुस्ती छापतो. त्यानंतर तुम्ही फक्त प्रुफे तपासायची."

मी स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर खिडकीपाशी प्लेट धरून बारीक चाकू चालवत होता. प्लेटवर पांढरे ते काळे उमटते. असा काळा ठिपका खरवडला की फोटोतला पांढरा डाग जातो. लग्न जमवण्याच्या फोटोंतले कोडाचे डाग तो असेच घालवी. पक्ष्याच्या दोन्ही प्लेटांवर बगलेपाशी ओरखडे होते. तिसरी हलली म्हणून त्याने बाजूला ठेवली होती. तिच्यावर दोन काळे पट्टे शाबूत होते.

"ही अशीच छापून द्या," मी म्हणालो.

"डागाचा फोटो माझ्या दुकानातून जात न्हाय."

"डाग नाहीत ते. पिसे आहेत."

"तुमी बातम्या लिवा की. फोटो मला शिकवू नका."

बाकावर एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. ते मला दिसत होते, तरी मी बोललो. "पोरींचे कोड लपवता, तसे पक्ष्याचेही लपवलेत."

गृहस्थ उठले. मुलीचा हात धरून बाहेर पडले.

फोटोग्राफरने दाराकडे पाहिले. मग तिसरी प्लेट उचलली, खिडकीला लावली आणि माझ्यासमोर दोन्ही पट्टे खरवडले. भुकटी फुंकली.

"घ्या. आता छापतो."

शनिवारच्या अंकात दुरुस्ती आली. मजकूर मीच लिहिला: एकरुख तलावावर दिसलेला पक्षी घार होता. प्रूफही मीच तपासले.