अर्न नदीच्या पलीकडे

सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी डून लेरीच्या स्टेशनवर डार्ट लोकलची वाट बघत होतो. "भाऊजी, विनायक गेला..." एवढंच त्या बोलल्या. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नदीपलीकडच्या त्या बाईला आता कोण कळवणार?

विनायक औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, माझा पुण्यापासूनचा मित्र. काही वर्षांपूर्वी त्याने एक जुनी मोटरबोट घेतली आणि दर दुसऱ्या शनिवारी अर्न नदीतून सरहद्द ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये जाऊ लागला. नदीत ना चौकी, ना पाटी. वहिनींना बोटीत मळमळायचं, त्या कधी गेल्या नाहीत. मी एकदा गेलो. पलीकडच्या एका लहानशा धक्क्याला बोट बांधून तो म्हणाला, "तू उतरू नकोस. तुझ्याकडे ब्रिटिश व्हिसा नाही." त्याचा पासपोर्ट आयरिश. तास-दीड तासाने परतला तो स्वतःशीच गुणगुणत.

"कुठे होतास?"

"असाच. पाय मोकळे केले."

परतताना मी त्याच्याशी धड बोललो नाही. वहिनींनी विचारल्यावर "ग्रँड झाली ट्रिप" म्हणालो खरा, पण माझ्या आवाजातून त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांच्या घरात संशय शिरला तो माझ्या पायाने.

अंत्यविधीला एक अनोळखी आयरिश बाई आली, पन्नाशीची. मागेच उभी राहिली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे गेलो, जरा तावातच. ती नदीपलीकडच्या, त्या धक्क्याजवळच्या एका वृद्धाश्रमातली नर्स निघाली. तिथे नव्वदीचे एक मराठी डॉक्टर राहतात. आता इंग्रजी विसरलेत, उरलीय ती मराठी. एकदा इंजिन बंद पडलं म्हणून विनायक धक्क्यावर मराठीत शिव्या देत होता, त्या त्यांनी ऐकल्या आणि हाक मारली. 'माझ्याबद्दल कुणाला सांगायचं नाही' असं वचनही घेतलं, हे विनायकनेच तिला सांगितलेलं.

हे सगळं वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तरी सांगायचं..."

व्हिसा आल्यावर मागच्या शनिवारी वहिनी आणि मी तिथे गेलो. डॉक्टरांनी आम्हाला खालून वर निरखलं. "कोण तुम्ही? तो कुठाय?"

वहिनींनी रव्याचा लाडू पुढे केला, त्यांनी तोंड फिरवलं. नर्स म्हणाली, दुसऱ्याने आधी चाखल्याशिवाय ते काही तोंडात घालत नाहीत. विनायक नेहमी पहिला घास स्वतः खायचा. वहिनींनी लाडू मोडला, अर्धा सावकाश खाल्ला. उरलेला अर्धा डॉक्टरांनी घेतला, पण नजर माझ्यावरच रोखून.