कोमट बाटली

सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत शिवलीला अठरा वर्षं मदतनीस होती. शिक्षण बारावी, पण पेशी वाढवण्याच्या खोलीत शब्द तिचाच चालायचा. ताटलीतल्या पेशींना जे पोषक द्रव घालतात, त्याचा रंग बघूनच ती निकाल द्यायची. गुलाबी असला तर ठीक. पिवळट झाला म्हणजे पेशींनी साखर संपवली, आंबट करून ठेवलं, आता द्रव बदला. विरजण लागलं की नाही हे जिला कळतं तिला हेही कळतं, असं तिचं म्हणणं.

थंड द्रव पेशींना सोसत नाही. म्हणून आल्या आल्या ती फ्रिजमधली अर्ध्या लिटरची बाटली सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवायची आणि जेवण उरकून परत फ्रिजमध्ये टाकायची. कोणाला ताटकळावं लागू नये, एवढाच हेतू.

माळशिरसहून आलेली ऋतुजा तिथं पीएचडी करत होती. पेशी खाऊन-पिऊन मागे जो कचरा टाकतात, लॅक्टिक आम्ल आणि अमोनिया, तो त्यांच्याच वाढीला किती आडवा येतो, हा तिचा विषय. एका ताटलीत आम्ल, दुसरीत अमोनिया, तिसरी साधी. साधी जोमानं वाढायला हवी होती. तिसऱ्या खेपेलाही ती रखडली. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, आणखी एकदाच बघू, नाहीतर विषय बदला. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

"मावशी, साध्या ताटलीतल्या पेशी अमोनिया दिल्यासारख्याच वागतायत," ऋतुजा म्हणाली. शिवलीलानं बाटली उजेडात धरली. रंग जसाच्या तसा गुलाबी. तिनं द्रवाला निर्दोष ठरवलं आणि घरी गेली.

घरी नवरा संगमेश आठला जेवायचा, मुलगी नऊला. दोन्ही वेळा शिवलीलानं आमटी तापवायला ठेवली. सासूबाई, मल्लव्वा, भिंतीला टेकून बघत होत्या.

"सगळं पातेलं कशाला तापवतीस गं? वाटीभर काढून घे की. चव गेली बघ तिची."

एरवी शिवलीलानं उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिचा हात गॅसच्या बटणावरच थांबला. पूर्वी खोलीत सहाजण काम करायचे, बाटली तीन दिवसांत संपायची. आता एकटी ऋतुजा. तीच बाटली महिनाभर रोज तापत होती.

सकाळी तिनं ऋतुजाला गाठलं. द्रवात ग्लुटामिन नावाचं पोषक असतं, ते खाऊन पेशी अमोनिया सोडतात, हे तूच सांगितलंस. मग पेशी नसताना, नुसत्या उबेनं ते बाटलीतच मोडतं का?

ऋतुजा खुर्चीत बसली. मोडतं, म्हणाली. अमोनियाच होतो. आणि रंग त्याची चुगली करत नाही.

शिवलीलानं नवी सीलबंद बाटली फोडली, लागेल तेवढाच द्रव छोट्या बाटलीत काढून तापवला. एका ताटलीत नवा द्रव, दुसरीत जुना. चौथ्या दिवशी नव्या द्रवातल्या पेशी जुन्यापेक्षा दुप्पट भरल्या.

ऋतुजाला हायसं वाटलं, पण सरांना काय सांगायचं? बाटलीच खराब आली होती म्हणू, ती हळूच बोलली. तुमचं नाव कशाला.

"कंपनीवर कशाला ढकलायचं? तापवत मी होते," शिवलीला म्हणाली, आणि पदर खोचून स्वतःच सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावण्याऐवजी त्यांनी पेन उचललं. बाटली रोज किती तास पाण्यात असायची?

"साडेनऊ ते दोन. रविवार सोडून. एक तारखेला फोडलेली."

"नक्की?"

"सर, चूकसुद्धा मी घड्याळ लावूनच केलीय."

त्या तासांवरून बाटलीत किती अमोनिया झाला असेल याचा हिशेब ऋतुजानं त्याच दुपारी मांडला. रखडलेल्या तिन्ही खेपा थोड्या अमोनियाच्या नोंदी म्हणून तिच्या प्रबंधात बसल्या. विषय बदलावा लागला नाही.