दुपारचा हात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

मी पनवेलमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. मुळातच संशयी. त्यात एका पेशंटने कमरेचं सोंग करून मला चांगलंच बनवलं होतं. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायची सवय. विचुंब्याच्या लक्ष्मीबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस होता — हळूहळू अंगातली ताकद नेणारा नसांचा आजार. पाय कधीच गेलेले. जिथे चालणंच नाही, तिथे चाल काय मोजणार? अशा माणसाचं मोजायचं ते एवढंच — कूस वळते का, चमचा तोंडापर्यंत जातो का.

सकाळी जायचे तेव्हा उजवा हात तोंडापर्यंत जायचा. एकदा दुपारी गेले. पत्र्याची खोली, मे महिना, लाइट गेलेली. सून सायली घास भरवत होती. म्हटलं, मोजून बघू. हात मांडीवरून हलेना. सकाळी चालणारा हात दुपारी कुठे जातो? उरणच्या मासळी बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई ही — सुनेकडून सेवा करून घेतेय, दुसरं काय!

"ताई, नाय वो उचलत," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन सायलीला सांगितलं — भरवू नको. ताट पुढ्यात ठेव आणि निघून जा. भूक लागली की हात आपोआप उचलेल.

सायलीने ऐकलं. का नाही ऐकणार? मी शिकलेली ना.

काही आठवड्यांनी त्यांचा दंड हातात घेतला, तर नुसती कातडी लोंबत होती. दुपारचं ताट रोज तसंच परत जात होतं. त्या मागायच्या नाहीत — मानी बाई. आणि मला आठवलं — आठवलं कसलं, माहीतच होतं — या आजारात उकाड्याने अंग तापलं की उरलीसुरली ताकदही जाते. कॉलेजात शिकवलेलं. पण मी सकाळचा हात खरा धरला आणि दुपारचा खोटा. लाज वाटली, फार वाटली.

तरी सायलीला काय म्हटलं? "आजार वाढलाय, आता भरवत जा." आजार वाढला नव्हता. चूक माझी होती. माझं नाव खराब होईल म्हणून नाही बोलले.

लक्ष्मीबाई आता नाहीत. सायली अजून रस्त्यात भेटते.

"आई आमची लय नाटकी, मॅडम. तुमी बरोबर वळखलं." मग जरा थांबून विचारते, "पन शेवटाला खरंच वाढला ना आजार?"

दरवेळी मी हो म्हणते.