राखणदाराची परीक्षा

भर दुपारी खाडी ओलांडताना एक गावकरी होडीत माझ्यासमोर बसला होता. बोलताना पलीकडच्या काठावरच्या आपल्या वाडीवरची नजर काही तो काढत नव्हता.

"मास्तर, शिमग्यात तुमी आमच्या वाडीत भाषण केलात."

केलं होतं, गळ्यात हार घालून घेऊन. राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, दरवर्षी दिलेल्या कोंबड्यानं वाडी खरोखर सुखरूप राहते का, हे कळायला निम्म्या घरांनी यंदा कोंबडा देऊ नये आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, असं मी ठणकावलं होतं.

"तसंच केलाव. अकरा घरांनी दिला, अकरांनी नाय."

"घरं चिठ्ठ्या टाकून निवडलीत ना?"

"नाय. राखणदारालाच कौल लावला. त्यानं निवडलान."

"अहो, ज्याची परीक्षा त्यालाच पेपर काढायला दिलात!" मी हसलो.

तो हसला नाही. "न देणाऱ्यांत त्यानं पोरं असलेली घरं तेवढी घातलान. माझं धरून."

"मग?"

"दहा घरांतली पोरं तीन दिवस बोलत नाहीत. ताप नाय, काय नाय. उंबऱ्यात बसून एकाच झाडाकडं बघतात. माझी पोर अजून बोलते." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आज कोंबडा दिला, तर तुमचा प्रयोग बिघडेल काय?"

"द्या," मी म्हणालो, आणि होडीवाल्याला जरा जोरात वल्हव म्हणून सांगितलं.