विलासदादाच्या फटफटीचं पुढचं चाक

आमच्या स्वयंपाकघरात जुन्या बरण्यांची झाकणं साठली आहेत. बरण्या कधीच फुटल्या, पण झाकणं कोणी टाकून देत नाही. विलासदादाच्या फटफटीच्या किस्स्यांचं तसंच आहे. भाऊबीजेला सगळे जमलो की कोणीतरी एक काढतो, त्याला दुसरा जोडला जातो, आणि मला उठून चहाचं दुसरं आधण ठेवावं लागतं.

विलासदादा माझा थोरला भाऊ. आमच्या शिरोळच्या मामांनी उसाच्या कामाला ट्रॅक्टर घेतला आणि त्यांची फटफटी गोठ्यात कडब्याशेजारी पडून राहिली. दादा ती मागून कोल्हापूरला घेऊन आला. आबा, म्हणजे आमचे वडील, हायस्कूलमध्ये ड्रिल मास्तर होते. आमच्या घरात चपलासुद्धा रांगेत उभ्या असायच्या. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत पक्कं लायसन काढलंस तर गाडी इथं राहील. नाहीतर परत शिरोळला."

दादा "व्हय" म्हणाला. पण त्याच आठवड्यात गावात सर्कस आली. तिच्यात एक माणूस मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत धरून, नुसत्या मागच्या चाकावर रिंगणभर फिरला. दादा आणि त्याचे दोन जिवलग मित्र, समोरच्या घरातला सलीम आणि गल्लीच्या टोकाला म्हशी पाळणारा बंडा, तिघं मिळून बघायला गेले होते. परत आले तेव्हा वाघ-सिंहांबद्दल एक शब्द कोणी काढला नाही.

"हे आपल्याला जमलं पायजे," दादा म्हणाला. तिथून सगळं सुरू झालं.

* * *

पहिल्यांदा चाक उचललं ते बंडानं, आणि तेही शिकायच्या आधीच.

एका सकाळी त्याची सायकल पंक्चर झाली म्हणून त्यानं दुधाच्या रतिबासाठी दादाची गाडी नेली. दुधाचे भरलेले कॅन मागं दोन्ही बाजूंना बांधलेले. चढ लागला तसा त्यानं जोर दिला, कॅन मागं सरकले आणि पुढचं चाक सरळ वर गेलं. बंडा हँडलला लोंबकळला. दूध चढावरून खाली आणि गाडी चढावर वर, अशी दोन्ही दोन दिशांना गेली.

दादा धावत गेला. बंडा चिखलात बसलेला, पण तोंडभर हसत होता.

"कसं केलंस?"

"म्या काय केलं? दुधानंच उचललं."

"मग ते धरायचं न्हाय," दादा म्हणाला. "माणसानं उचललं पायजे."

"माणूस वरच हुता की मर्दा. खाली बसून बगत हुता व्हय?"

हा वाद अजून मिटलेला नाही. त्या दिवशी दूध न मिळालेल्या बायकांनी मात्र बंडाच्या आईला दुपारपर्यंत घराबाहेर पडू दिलं नाही.

* * *

सलीमच्या वडिलांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. त्यामुळे सलीमचा विचार गादीपासून सुरू व्हायचा. त्याचं म्हणणं, माणूस चाक उचलायला भीत नाही, पडायला भितो. म्हणून त्यानं कापूस भरून एक जाड गादी शिवली आणि ती दादाच्या पाठीला दोरीनं आवळली.

रविवारी सकाळी तिघं कळंब्याच्या तलावाकडं गेले. वाटेत एक शेतकरी बैलगाडी थांबवून बघत राहिला.

"काय पावणं, गादी घिऊन कुठं?"

"शिकाय निघालोय," दादा म्हणाला.

"झोपाय?"

दादानं दिवसभर प्रयत्न केला. चाक काही जमीन सोडेना. शेवटी तो पडला, पण पाठीवर न पडता कुशीवर पडला, आणि कुशीला गादी नव्हती.

मग सलीम म्हणाला, "आण इकडं, मी बघतो." गादी न बांधता तो बसला, क्लच सोडला, हँडल ओढलं आणि चाक वर! पहिल्याच झटक्यात. बिचारा इतका ओशाळला, की परत येताना दादाची समजूत घालत होता, "यार, चुकून झालं. परत न्हाई करणार."

* * *

आता तिघांत एकच राहिला होता, आणि गाडी त्याचीच होती.

दादाला वाटलं, हातात ताकद कमी पडते. तो तालमीत जायला लागला. पहाटे जोर-बैठका, वर दूध, बदाम. आई खूश होती, मुलगा मार्गाला लागला म्हणून. एक दिवस तालमीच्या वस्तादांनीच विचारलं, "कुस्ती लढायची न्हाय म्हणतोस, मग ही ताकद कशापायी?"

दादानं खरं सांगितलं. वस्ताद त्याच्याबरोबर बाहेर आले. गाडी भिंतीला लागून उभी होती. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, पुढचा दांडा एका हातात धरला आणि चाक कमरेपर्यंत उचलून धरलं.

"बघितलंस? झालं काम. आता उद्यापासनं लंगोट बांधून ये."

दादा दुसऱ्या दिवसापासून तालमीत गेला नाही.

* * *

मी तेव्हा मॅट्रिकला होते. मागं वजन असेल तर चाक लवकर वर जातं, हे बंडाच्या दुधानं सिद्ध झालेलं होतं, म्हणून एकदा मला मागं बसवलं. गल्लीतून दोन चकरा मारल्यावर दादा थांबला, मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, जरा जेवत जा की गं."

मग त्यानं आईला अंबाबाईच्या दर्शनाला नेतो म्हणून सांगितलं. मुलगा आपणहून देवीला नेतो म्हटल्यावर आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. जाताना आणि येताना, जरा मोकळा रस्ता दिसला की दादा झटक्यात क्लच सोडायचा. आई मागं हिसके खात, हातातली ओटी सांभाळत बसलेली. चाक काही उचललं नाही.

घरी आल्यावर आईनं फडताळातून ओव्याची बरणी काढून दादाच्या पुढं ठेवली.

"हे कशाला?"

"तुझ्या गाडीला उचकी लागलीया बाबा. पेट्रोलात जरा घालून बघ."

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण तोही त्यातलाच.

दसरा झाला होता. आबा रोज जेवताना विचारायचे, "आठ जमतो का?" लायसनच्या परीक्षेत फक्कीनं आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून, पाय न टेकता गाडी फिरवून दाखवावी लागे. दादाला तो चांगला जमत होता. तरी त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

एका संध्याकाळी तिघं आमच्या पायरीवर बसले होते. मी आत तांदूळ निवडत होते. दादा म्हणाला, "माझ्यातच कायतरी कमी हाय."

बंडा म्हणाला, "कमी न्हाय गड्या, जास्त हाय. आम्ही उचलतो तवा आमचं काय जातंय? गाडी मोडली तर तुझी. तू उचलाय लागलास की तुला शिरोळ दिसतंय, मामा दिसतोय, आबा दिसत्यात. एवढी माणसं पुढं बसल्यावर चाक कसं वर जाईल?"

दादा उठला आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागला. त्यानंतर त्यानं चाकाचं नाव सोडलं. रोज सकाळी मैदानावर जाऊन तो निमूट आठ काढायचा.

* * *

परीक्षा दिवाळीच्या तोंडावर आली. दादाबरोबर सलीम आणि बंडा गेले होते, म्हणून मला यातला शब्दन् शब्द माहीत आहे.

साहेब झाडाखाली टेबल टाकून बसलेले. समोर फक्कीचा आठ. दादाचा नंबर आला. रोजचंच काम, पण त्या दिवशी हाताला घाम सुटला होता. साहेबांनी मान हलवली, दादानं गिअर टाकला आणि क्लच त्याच्या बोटांतून सटकला.

पुढचं चाक वर गेलं.

थोडंथोडकं नाही. आठ राहिला बाजूला. दादा एका चाकावर सरळ साहेबांच्या टेबलाशेजारून पुढं गेला, पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, आणि तिथं चाक अलगद खाली ठेवून थांबला.

गाडी वळवून तो टेबलापाशी आला.

"मी आठ काढायला सांगितला होता," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. पण तुम्ही बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"नक्की?"

"नक्की. नापास."

"थँक्यू साहेब," दादा म्हणाला.

संध्याकाळी तिघं घरात आले ते पेढ्यांची पुडी घेऊन. आईनं पेढे बघून देवापुढं निरांजन लावलं. आबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. दादानं त्यांच्या पाया पडून पेढा दिला. आबांनी तो तोंडात टाकला.

"पास झालास तर."

"न्हाय आबा. नापास झालो."

आबांचं चावणं थांबलं. आई निरांजनाची काडी हातात धरून तशीच उभी राहिली. "आणि मग हे पेढे कशाचे?" आबांनी विचारलं.

"चाक वर गेलं," दादा म्हणाला.

आईनं हळूच विचारलं, "म्हणजे गाडी आता शिरोळला?"

आबांनी वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी केली, मांडीवर ठेवली आणि चष्मा काढला.

"केवढं वर गेलं?"

दादानं भीत भीत गुडघ्याएवढा हात धरला. दारात उभ्या सलीमनं पुढं येऊन त्याचा हात कोपराला धरून आणखी वर केला.

"खोटं बोलतोय आबा. एवढं."

आबांनी त्या हाताची उंची नजरेनं मोजली. मग त्यांनी पुडीतला दुसरा पेढा घेतला.