उतरवलेली तार

गिटारच्या नव्या तारांचा लोखंडी वास आला, की गारखेड्यातल्या कॅफेची ती गच्ची आठवते. मित्रांच्या बँडमध्ये मला घेतलं नव्हतं, मी नुसता ऐकायला जायचो. तरी गाणारा मित्र गिटार माझ्याकडंच द्यायचा, "तुझा कान लई पक्काय, तूच जुळव." त्या संध्याकाळी जळफळाटानं मी एक तार मुद्दाम उतरवून दिली. गिटार बेसूर वाजताच त्यानं ती बाजूला ठेवली आणि त्याचे वडील मेंढरांमागं म्हणायचे ते गाणं नुसत्या गळ्यानं गायलं. टाळ्या थांबेनातच. नंतर मला म्हणाला, "तार उतरली ते बरंच झालं यार, नाय तर हिंमतच झाली नसती." आज तो त्याच गाण्यानं ओळखला जातो, आणि तार मी उतरवली होती हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. माफीसाठी नव्हे, गाण्यातल्या माझ्या वाट्यासाठी.