खोकल्यापुरती जागा

दुकानदाराने नवा व्हिडिओ कॅमेरा माझ्यावर रोखला आणि पडद्यावर माझ्या हनुवटीवरची चामखीळ तिच्या केसासकट दिसली.

"बघा आजी, किती स्पष्ट!"

"एवढं बघायला आरसा आहे घरी," मी म्हटलं.

नातीच्या बारशासाठी माझ्या मुलाला, सुहासला, तोच हवा होता. पण त्याचं चित्रण फार जागा खातं म्हणे. कार्ड लगेच भरतं, मग डिस्क घ्या, ती बिघडेल म्हणून दुसरी घ्या. ज्याला सगळं बघायचं असतं आणि सांभाळायला मात्र दुसरं कुणी लागतं, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. माणसाचं डोकं निदान आपलं आपण विसरतं. काय विसरू, हे ते विचारत नाही, एवढीच खोट.

कॅमेरा घेऊन घरी आल्यावर सुहास कॉम्प्युटरमध्ये जागा करायला बसला.

"आई, बाबांचं हे जुनं चित्रण काढून टाकू? अंधुक आहे, नुसते खोकतायत."

ते गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरलाय.

"खोकू दे त्यांना. बारशाला मी पाळणा म्हणेन, तो कॅमेऱ्यात घेऊ नकोस. तेवढी जागा वाचेल."